आकडा कुठून आणला? : डेटा पत्रकारितेच्या वर्गातील नियम आणि गुण



काही महिन्यांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी आईला घेऊन कचेरीत आला. खरे म्हणजे आईच त्याला घेऊन आल्या होत्या. मुलगा विद्यापीठात पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. तेथे 'डेटा जर्नलिझम' नावाचा एक विषय आहे आणि त्यातल्या पहिल्याच लेखाला त्याला 'सी' श्रेणी मिळाली होती. दहावीला दहापैकी दहा जीपीए मिळवलेला मुलगा. आपल्याकडे अनेक वर्षे दहावीचा निकाल जीपीएमध्येच लागे, आणि दहाच्या खाली काही आले की घरात सुतक पडल्यासारखे होई, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आई म्हणाल्या, "सर, ह्यानं शहरातल्या मराठी माणसांवर लिहिलं म्हणून तर बाईंनी मार्क कापले नाहीत ना? तुम्ही एक पत्र देता का त्यांना?"

पत्र देण्यापूर्वी आम्ही तो लेख आणि त्या विषयाच्या नियमांचा कागद मागून घेतला. दोन्ही वाचले, आणि पत्र दिले नाही. त्या लेखातला सर्वांत मोठा बिनबुडाचा आकडा आमचाच होता.

ती हकिकत पुढे येईल. आधी हा विषय काय आहे ते सांगतो, कारण बारावीनंतर पत्रकारितेकडे वळणारी मुले आपल्याकडे आहेत आणि पालकांना वाटते की तेथे भाषा चांगली असली म्हणजे झाले. डेटा म्हणजे नोंदी आणि आकडेवारी. मराठीत काही लेखक त्याला 'विदा' म्हणतात. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले असल्याने आमच्या तोंडी अजूनही 'आंकडे' आणि 'प्रतिशत' येते, आणि नववीची मुले हसतात. शब्द कोणताही घ्या. कोणाच्या बोलण्यावर विसंबण्याऐवजी नोंदी तपासून त्यांतून बातमी काढायची आणि वाचकाला ती पुन्हा तपासता येईल अशी मांडायची, एवढाच ह्या पत्रकारितेचा अर्थ आहे.

नाव नवे असले तरी काम जुने आहे. ५ मे १८२१ रोजी 'मँचेस्टर गार्डियन' ह्या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला, त्यात मँचेस्टर व सॅल्फर्ड येथील शाळांचा एक तक्ता होता. कोणत्या शाळेत किती मुले आणि वर्षाला किती खर्च. मोफत शिकणारी मुले आठ हजारांच्या आसपास असावीत असा सरकारी अंदाज होता. तक्त्यातून ती पंचवीस हजारांच्या घरात असल्याचे दिसले. म्हणजे ह्या जातीच्या लेखनाचा एक अगदी जुना नमुना शाळेच्या पटसंख्येचाच आहे. मुख्याध्यापकाला हे वाचून बरे वाटते आणि थोडी धास्तीही वाटते.

आता त्या मुलाच्या नियमांच्या कागदाकडे येऊ. हजेरी ७५ टक्के, वेळेवर काम देणे, उशीर झाल्यास गुणकपात, हे सर्व आपल्या शाळेतही आहे. त्यावर शाई खर्च करत नाही. वेगळे होते ते असे. लेखाबरोबर मूळ आकड्यांची फाईल जशी मिळाली तशीच, हात न लावता द्यायची आणि आपण बेरीज-वजाबाकी केलेली प्रत वेगळी द्यायची. लेखातल्या प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या कार्यालयाच्या, कोणत्या वर्षाच्या, कितव्या तक्त्यातून घेतला ते लिहायचे. तो आकडा ज्यांच्याविषयी आहे अशा निदान दोन माणसांशी बोलायचे. चूक सापडल्यास लपवायची नाही, लेखाखाली दुरुस्ती लिहायची. स्वतःहून लिहिलेल्या दुरुस्तीबद्दल गुण कापले जात नाहीत, दुसऱ्याने दाखवलेल्या चुकीबद्दल कापले जातात. आकडा मनाने बनवलेला आढळला तर सबंध लेखाला शून्य. आणि गुणांच्या वाटणीत भाषा व आलेख ह्यांना मिळून जेवढे गुण, त्याहून जास्त गुण एकट्या पडताळणीला.

आमच्या विद्यार्थ्याची भाषा छान होती. आलेख रंगीत होते. मथळा होता 'हैदराबादेतून मराठी चालली'. पडताळणीच्या रकान्यात बाईंनी लाल शाईने एकच प्रश्न तीन ठिकाणी लिहिला होता : हा आकडा कुठून आणला?

पहिल्या ठिकाणी उत्तर होते आमचे नाव. एका समारंभात भाषण करताना आम्ही म्हटले होते की ह्या शहरात मराठी माणसे अमुक लाख आहेत. टाळ्या पडल्या होत्या. मुलाने ते वाक्य लिहून घेतले आणि 'शाळेच्या प्राचार्यांच्या मते' असे म्हणून लेखात घातले. तो आकडा आम्ही कुठून आणला होता? आमच्या आधी भाषण करणाऱ्या एका सद्गृहस्थांकडून. त्यांनी कुठून आणला, हे आम्ही विचारले नव्हते. प्राचार्यांनी सांगितले म्हणजे खरे असणार, असे त्या मुलाला आम्हीच शाळेत दहा वर्षे शिकवले होते, तेव्हा दोष त्याला काय द्यायचा?

ह्या निमित्ताने १८९७ सालची एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. गोपाळ कृष्ण गोखले त्या वर्षी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. हिंदुस्थानच्या खर्चाच्या आकड्यांवर तेथे त्यांची कसून उलटतपासणी झाली आणि ते तिला पुरून उरले. त्या साक्षीच्या तयारीत त्यांना मोठी मदत होती गणेश व्यंकटेश जोशी ह्यांची. जोशी हे सरकारी शाळेतले हेडमास्तर! सरकारी अहवालांतले आकडे वेचून, जुळवून, तपासून देण्यात त्यांचा हातखंडा होता. त्याच मुक्कामात गोखल्यांना पुण्याहून मित्रांची पत्रे आली की प्लेगच्या घरझडतीत गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ती हकिकत इंग्लंडमध्ये सांगितली, ती 'मँचेस्टर गार्डियन'मध्येच छापून आली आणि गदारोळ उठला. पुरावा मागितला गेला. पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे पुढे यायला तयार नव्हते आणि गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत. परत आल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीबद्दल पुण्यात त्यांची फार निंदा झाली.

माणूस तोच, साल तेच, प्रामाणिकपणाही तोच. हेडमास्तरांनी तपासून दिलेले आकडे उलटतपासणीत टिकले आणि विश्वासाने ऐकलेली गोष्ट टिकवता आली नाही. ती गोष्ट खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पुण्यात त्या काळात लोकांना फार सोसावे लागले होते. पण सिद्ध न करता आलेल्या आरोपामुळे खऱ्या गाऱ्हाण्याचेही वजन कमी होते. आमच्या भाषणातल्या लाखांचे तेच झाले. उद्या आपल्या समाजाने एखाद्या कार्यालयात मराठी शिक्षकांच्या जागांसाठी अर्ज केला आणि त्यात तो आकडा घातला, तर समोरचा अधिकारी पहिला प्रश्न बाईंचाच विचारील.

लाल शाईचे दुसरे ठिकाण जास्त शिकण्यासारखे आहे. मुलाने १९५१ च्या सुमाराचा हैदराबाद राज्यातील मराठी भाषकांचा हिस्सा घेतला, तो सुमारे पाव होता, आणि त्यापुढे आजच्या तेलंगणातला तुरळक हिस्सा ठेवला. आलेखाची रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी दिसत होती. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे जिल्हे ह्या राज्यातून बाहेर पडले. माणसे आपापल्या गावातच राहिली, सीमा हलली. पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळा झाला. २०११ ची जनगणना मात्र अविभाजित आंध्र प्रदेशाची आहे. तेलंगणाचा आकडा हवा असेल तर तेव्हाचे दहा जिल्हे एकेक करून मिळवावे लागतात. २०१६ मध्ये जिल्ह्यांचीही फेररचना झाली, एका आदिलाबादचे चार जिल्हे झाले, आणि मराठी वस्ती तर त्या सीमेवरच दाट. शहराचेही तेच. 'हैदराबाद' म्हणजे हैदराबाद जिल्हा की महानगरपालिका? २००७ साली आसपासच्या बारा नगरपालिका मिळवून बृहन्महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिचा बराच भाग रंगारेड्डी जिल्ह्यात मोजला गेला आहे. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे जामबाग, सुलतान बाजार, इसामिया बाजार सोडून त्या बाजूच्या नव्या वसाहतींत राहायला गेली. जिल्ह्याच्या तक्त्यात ती 'कमी' झाली. शहरात तर ती आहेतच. गणपतीत भेटतात.

म्हणून त्या कागदावर एक नियम होता : दोन वर्षांची तुलना करण्याआधी दोन्ही वर्षांत मोजलेली जागा एकच आहे का ते पाहा. आम्ही तो नियम भूगोलाच्या वर्गात सांगायला सुरुवात केली आहे.

मात्र जागा एक असली तरी गोष्ट संपत नाही. सबंध देशाचेच घ्या. जनगणनेप्रमाणे २००१ साली मराठी भाषक ७,१९,३६,८९४ होते, २०११ साली ८,३०,२६,६८०. म्हणजे दहा वर्षांत एक कोटी दहा लाखांहून अधिक वाढ, १५.४ टक्के. पण देशाची लोकसंख्या त्याच काळात १७.७ टक्क्यांनी वाढली, त्यामुळे मराठीचा हिस्सा ६.९९ टक्क्यांवरून ६.८६ वर आला. आणि क्रम? २००१ मध्ये हिंदी, बंगाली, तेलुगूनंतर मराठी चौथी होती; २०११ मध्ये ती तेलुगूच्या पुढे जाऊन तिसरी झाली, कारण तेलुगू ७,४०,०२,८५६ वरून ८,११,२७,७४० वर म्हणजे ९.६ टक्क्यांनीच वाढली.

आता मथळा कोणता द्याल? 'मराठी वाढली', 'मराठी घटली' आणि 'मराठी तिसऱ्या क्रमांकावर' हे तिन्ही खरे आहेत आणि एकाच तक्त्यातून निघतात. जो एकच देतो आणि बाकीचे दोन झाकतो, त्याचा आकडा खरा असूनही बातमी खोटी होते. नववीच्या मुलांपुढे आम्ही हे आकडे फळ्यावर लिहिले. निम्म्या वर्गाने 'वाढली' म्हटले, निम्म्याने 'घटली', आणि एका मुलीने विचारले, "सर, हिस्सा ०.१३ टक्क्यांनी कमी झाला की दोन टक्क्यांनी?" फार मोलाचा प्रश्न. ६.९९ मधून ६.८६ वजा केले की ०.१३ उरतात, त्यांना टक्केबिंदू म्हणतात, मूळ ६.९९ च्या मानाने ही घट सुमारे दोन टक्के आहे. ज्याला घबराट पसरवायची तो दोन म्हणतो, ज्याला झाकायचे तो ०.१३ म्हणतो. विद्यापीठातील परीक्षक दोन्ही लिहायला लावतात.

तिसरे ठिकाण आमच्या टेबलापाशी येऊन थांबते. मुलाने मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलांची संख्या घेतली आणि ती मराठी मुलांची संख्या म्हणून दिली. बाईंनी लिहिले होते : 'माध्यम आणि मातृभाषा एकच आहे काय?' नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक! ह्याच शहरात शेकडो घरांत मूल आजीशी मराठी बोलते, रस्त्यावर हिंदी, शेजारी तेलुगू आणि वर्गात इंग्रजी. माध्यमाच्या रकान्यात ते इंग्रजीत जाते. सरकारच्या यू-डायस ह्या नोंदणीत माध्यमाचा रकाना वेगळा आणि मुलाच्या मातृभाषेचा वेगळा असतो. हे रकाने भरतो कोण? आम्ही, म्हणजे शाळा. आणि शाळा भरते ती प्रवेशाच्या अर्जावर पालकांनी जे लिहिले त्यावरून. अर्ज घाईत भरला, मातृभाषेपुढे 'हिंदी' लिहिले किंवा काहीच लिहिले नाही, की ते मूल मराठीच्या हिशोबातून गेले. पुढे कोणी पत्रकार किंवा अधिकारी तीच फाईल उघडतो.

ह्याच यू-डायसचे देशपातळीवरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०२१-२२ मध्ये देशातील शाळांची एकूण पटसंख्या २६.५२ कोटी होती, २०२३-२४ मध्ये २४.८० कोटी. पावणेदोन कोटी मुले शाळेबाहेर गेली, असे कोणीही म्हणेल. पण मधल्या काळात, २०२२-२३ पासून, वर्गवार एकूण संख्या घेण्याऐवजी प्रत्येक मुलाची नावानिशी स्वतंत्र नोंद घेणे सुरू झाले. दोन शाळांत नाव असलेले मूल आता दोनदा मोजले जाणे कठीण झाले. म्हणून आधीच्या वर्षांशी सरळ तुलना करू नये, असे मंत्रालयानेही म्हटले आहे. घटीपैकी किती मुले खरोखर गेली आणि किती केवळ कागदावरची होती, हे एकूण आकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी शाळेत जाऊन हजेरीपट पाहावा लागतो. 'निदान दोन माणसांशी बोला' हा नियम त्यासाठीच आहे.

आता विश्वस्त मंडळींना न रुचणारी एक गोष्ट. दहावीच्या निकालानंतर गावभर फलक लागतात, 'शंभर टक्के निकाल'. समजा एका शाळेत नववीला ४० मुले होती. आठ कच्च्या मुलांना दहावीला बसू दिले नाही किंवा दुसरीकडे पाठवले. ३२ बसली, ३२ उत्तीर्ण झाली. निकाल शंभर टक्के, हिशोबात चूक नाही. पण छेदातून आठ मुले गेली आणि त्यांची नावे कोणत्याच फलकावर नाहीत. तरुणपणी आम्ही दुसऱ्या एका शाळेत असताना असा फलक स्वतःच्या हाताने रंगवला आहे. अक्षर सुंदर आले होते.

नक्कल आणि संगणकाची मदत ह्यांबद्दलही पालक विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. प्रबंधासारख्या लेखनात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते. ४० ते ६० असल्यास वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही. ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. त्या मुलाच्या कागदावर चॅटजीपीटीसारख्या साधनांवर बंदी नव्हती, पण कुठे वापरले ते लिहून द्यायचे होते आणि त्याने दिलेला आकडा मूळ तक्त्यात सापडला नाही तर तो मनाने बनवलेला धरला जाणार होता. हे आम्हाला योग्य वाटले. यंत्राने सांगितले काय आणि प्राचार्यांनी सांगितले काय, तक्ता दाखवावा लागणारच.

श्रेणींबद्दल थोडेसे, कारण आईंची खरी चिंता तीच होती. आयोगाच्या दहा अंकी पद्धतीत 'ओ' म्हणजे १०, 'ए प्लस' ९, 'ए' ८, 'बी प्लस' ७, 'बी' ६, 'सी' ५, 'पी' ४, आणि 'एफ' म्हणजे शून्य. तेव्हा 'सी' म्हणजे नापास नव्हे. शाळेत आपण उत्तर बरोबर आले की पूर्ण गुण देतो, म्हणून मुलांची समजूत होते की गुण उत्तराला असतात. तेथे उत्तरापर्यंतची वाट दाखवावी लागते. हा दोष मुलाचा नाही, तो बराचसा आपल्या वर्गातला आहे. गणितात पायऱ्यांना गुण देतो तसे समाजशास्त्राच्या प्रकल्पात आम्ही कधी दिले नव्हते. चिकटवलेली चित्रे पाहून देत होतो.

मुलाने लेख पुन्हा लिहायचे ठरवले. बाईंनी परवानगी दिली. तो आमच्याकडे ३० सप्टेंबरच्या पटावरून मातृभाषा मराठी असलेल्या मुलांची संख्या मागायला आला. आम्ही वर्गवार संख्या दिली. नावे दिली नाहीत, त्यानेही मागितली नाहीत. मग तो सुलतान बाजारात आणि कुकटपल्लीकडे राहायला गेलेल्या दोन घरांत जाऊन बसला. नव्या लेखाचा मथळा पूर्वीपेक्षा पुष्कळ साधा आहे आणि त्यात आमचे नाव नाही. श्रेणी मिळाली 'बी प्लस'. आईंचा फोन आला, "सर, सात म्हणजे सत्तर टक्के धरायचे का?" आम्ही म्हटले, "ताई, लेख वाचलात का?" म्हणाल्या, "दोनदा वाचला. आमच्या सासूबाईंचं नाव न घेता त्यांचंच लिहिलंय."

पालकांसाठी दोन सूचना. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली होती. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. तीत प्रत्येक व्यक्तीची मातृभाषा विचारली जाते, घरातल्या लहान मुलांचीसुद्धा. गणना करणारे कर्मचारी आले की कर्त्या माणसाने घाईने एकच उत्तर सर्वांसाठी देऊ नये. प्रत्येकाची जी भाषा आहे ती सांगावी आणि लिहिलेले पाहून घ्यावे. सून तेलुगूभाषक असेल तर तिच्यापुढे तेलुगूच लिहिले जावे, आपली संख्या फुगवण्यासाठी मराठी नको. दुसरी सूचना, शाळेच्या अर्जातील मातृभाषेचा रकाना ज्यांनी रिकामा सोडला आहे त्यांनी तो कचेरीत येऊन भरावा. यादी वर्गशिक्षकांकडे आहे.

दुरुस्ती : भाषणात आम्ही सांगितलेली शहरातील मराठी भाषकांची संख्या कोणत्याही नोंदीवर आधारलेली नव्हती. ती आम्ही मागे घेत आहोत. २०११ च्या जनगणनेतील सी-१६ ह्या भाषा तक्त्यातून हैदराबाद आणि तेव्हाच्या रंगारेड्डी जिल्ह्याचे आकडे नववीची मुले काढत आहेत. दोन मुलांनी स्वतंत्रपणे काढलेले आकडे जुळले म्हणजे पुढील अंकात, त्या मुलांच्या नावांसह, छापू.